कलम अकरा

जिंतूर,
२७ ऑक्टोबर २०२५

श्रीमती बबिता शिंगाडे,
व्यवस्थापिका, निवांत वृद्धनिवास, देवगाव फाटा

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे, पण आज तुम्हाला नमस्कार करावासा वाटत नाही. सरळ मुद्द्यावर येतो.

काल रविवारी मी माझ्या आईला, गंगम्मा शिवरुद्र कोरे यांना, भेटायला आलो होतो. सतरा दिवसांपूर्वी मी तुमच्याकडे चांगलं बोलतं माणूस सोपवलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, औषधाच्या गुंगीत असलेलं, पण माणूस. काल पलंगावर मला नुसतं लुगडं दिसलं. आत कुणी आहे का, हे वाकून बघावं लागलं. गाल आत गेलेले, ओठांना भेगा. हाक मारली तर तिनं डोळे उघडले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माझी आई आजवर माझ्याकडे पाठ करून झोपली नव्हती. तुम्ही तिला काय खाऊ घालता? की काहीच घालत नाही?

माझं जिंतुरात भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला कुकर देतानासुद्धा मी रिंग, शिट्टी, शिक्का तपासून देतो. आईला तुमच्याकडे ठेवतानाही तसंच ठोकून-वाजवून घेतलं होतं. तुमच्या छापील फॉर्मवर माझं समाधान झालं नाही, म्हणून दुकानाच्या कागदावर एकोणीस कलमं लिहून दिली आणि त्यावर तुमची सही घेतली. न्हाणीत धरायला दांडी, पलंगाला कठडा, औषधं कुलपात, सगळं त्यात आहे. त्यातलं सातवं कलम पुन्हा वाचा. जेवण वेळेवर, गरम, आणि पोटात गेलं याची खात्री.

फोनवर मी तुमच्या संस्थेला कोंडवाडा म्हणालो. तो शब्द मी मागे घेत नाही.

विरेश शिवरुद्र कोरे

---

देवगाव फाटा,
२९ ऑक्टोबर २०२५

श्री. विरेश कोरे यांस,

नमस्कार. आम्ही नमस्कार सगळ्यांनाच करतो.

फोनवरचे तुमचे बाकीचे शब्दही इथं तिघांनी ऐकले. ते तुम्ही पत्रात लिहिले नाहीत, म्हणजे कागदावर तुम्हाला थोडी लाज वाटते असं दिसतं. म्हणून यापुढे जे काय असेल ते कागदावरच. तुमचा फोन मी उचलणार नाही.

कोंडवाड्याचं म्हणाल तर तिथलं जनावर सोडवायला मालक दुसऱ्या दिवशी हजर होतो. तुम्ही सतराव्या दिवशी आलात आणि पंधरा मिनिटं बसलात. दाखल केलंत ती तारीख नऊ ऑक्टोबर, धनत्रयोदशीच्या नऊ दिवस आधी. भांड्यांच्या दुकानाला तेव्हा किती गर्दी असते हे मला ठाऊक आहे. दिवाळीत आमच्या चौदा माणसांपैकी अकरा जण घरी जाऊन आले, तुमच्या आई इथंच होत्या.

आता जेवणाचं. ताट वेळेवर जातं, गरम जातं. त्या घास घेत नाहीत. थोडं पाणी, कधी वाटीभर ताक, तेही चेहरा कसनुसा करून. कारण त्यांनी स्वतः सांगितलं आहे: अंगात देव आल्याशिवाय त्या जेवणार नाहीत. तुमच्या फॉर्मवर 'पूर्वीचे आजार व सवयी' या रकान्यात तुम्ही 'काही नाही' लिहिलं आहे. अंगात येतं ही गोष्ट लपवायची नव्हती. मी धनगराची लेक आहे, आमच्यात हे नवीन नाही. माझ्या आत्याच्या अंगात यायचं, त्यामुळे मी घाबरले नाही. रोज सकाळी त्यांना खुर्चीवर बसवून प्रार्थनेच्या खोलीत नेलं, तसबिरींसमोर घंटा वाजवली, वाट पाहिली. देव काही आला नाही. त्या तसबिरींकडे बघून रडल्या. मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मन शांत व्हायला रात्रीची अर्धी गोळी दिली आहे.

शिवाय त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या येत असाव्यात. सकाळी तळवा समोर धरून बराच वेळ बसतात. आमच्या मदतनीस भिवराबाई रोज तिथं तेल चोळतात.

बबिता शिंगाडे

---

जिंतूर,
३१ ऑक्टोबर २०२५

बबिताबाई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलो.

आम्ही लिंगायत आहोत. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या अंगात देव आलेला नाही, येणार नाही. माझी आई घुमत नाही, केस सोडत नाही, लिंबू मागत नाही. तुमच्या आत्याचं माझ्या आईला चिकटवू नका. उपाशी ठेवायचं आणि वर म्हातारीला येडी ठरवायचं, असा हा डाव आहे. आणि झोपेची गोळी कुणाला विचारून दिलीत? चौदावं कलम: नवीन औषध मला विचारल्याशिवाय नाही. तुमचीच सही आहे.

माझ्या आईचं म्हणजे ताट वाढून घ्यायच्या आधी पूजा, मग सगळ्यांची वास्तपुस्त, मग घास. असं शिस्तीचं माणूस आहे ते. तिला तुम्ही खुर्चीवर बसवून घंटा ऐकवता!

मला तुमची रोजची नोंदवही हवी आहे, सगळ्या पानांची नक्कल. ती जोडून मी परभणीच्या कार्यालयात तक्रार देणार आहे. तुमच्या फाट्यावरच्या दाराला कुलूप लागलेलं मला बघायचं आहे.

विरेश कोरे

---

देवगाव फाटा,
३ नोव्हेंबर २०२५

श्री. कोरे,

नकला सोबत जोडल्या आहेत. काही लपवलेलं नाही, खाडाखोडही तशीच आहे. चौदाव्या कलमाचं म्हणाल तर डॉक्टर आले त्या दिवशी तुम्हाला सहा वेळा फोन केला होता. सहाव्या वेळी तुमच्या नोकरानं उचलला आणि सांगितलं, शेट गिऱ्हाइकात आहेत.

तुम्हाला कलमांची फार आवड आहे म्हणून तुमचीच एकोणीस कलमं एकेक करून तपासली. दांडी आहे, कठडा आहे, फरशी कोरडी आहे. कलम अकरा तर तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतं, तुमच्याच अक्षरात: 'गळ्यात दोरा, माळ, साखळी काहीही ठेवू नये. कठड्यात अडकून फास बसतो. याला पूर्ण जबाबदार संस्था राहील.' कुठंतरी असा अपघात झाल्याचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि ते कात्रण मला दाखवलंत. मला ते पटलं. आई गुंगीत असतानाच मी त्यांच्या अंगावरचं सगळं उतरवलं, लाल पिशवीत घालून तुमच्या हातात दिलं. पोच तुमच्या सहीची आहे: पाटल्या दोन, बाळ्यांचा जोड, चांदीची डबी दोऱ्यासह एक. तुम्ही पिशवी न उघडता बॅगेत टाकलीत.

भिवराबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि मी नोंदवहीत लिहिते. तेराव्या पानावर त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत. वाचा म्हणजे मी मनचं लिहीत नाही हे कळेल.

तक्रार करायची तर जरूर करा. पण आज सकाळी त्यांचं वजन एक्केचाळीस किलो भरलं. दाखल केलं तेव्हा सत्तेचाळीस होतं. आता त्या ताकालाही नको म्हणतात. डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवसांत पोटात काही गेलं नाही तर परभणीला हलवून नळीनं द्यावं लागेल. तुमचं-माझं भांडण पुढेही चालू राहील, ते कुठं जात नाही. आधी येऊन त्यांच्याजवळ अख्खा दिवस बसा. मी चांगली नाही असं धरा, पण या.

बबिता शिंगाडे

---

जिंतूर,
४ नोव्हेंबर २०२५

शिवरंजनी,

आपण दोघं बोलत नाही हे मला माहीत आहे. हे पत्र बोलण्यासाठी नाही, सहीसाठी आहे.

अव्वा पडल्याचं तुला कळलं होतं. ऑपरेशननंतर ती घरी आहे असं मी तुला सांगितलं, ते खरं नव्हतं. दुकानाची गर्दी, तुझ्या वहिनीची पाठ, उचलायला माणूस नाही, म्हणून तिला देवगाव फाट्यावरच्या एका वृद्धनिवासात ठेवलं. तिथल्या बाईनं तिची उपासमार केली आहे आणि वर अव्वाच्या अंगात येतं असं लिहिते! सगळा पत्रव्यवहार आणि नोंदवहीच्या नकला कुरिअरनं पाठवतो आहे. मी परवा गुरुवारी परभणीला तक्रार द्यायला जाणार आहे. दोन्ही वारसांच्या सह्या असल्या तर अर्जाला वजन येतं. शेवटच्या पानावर सही कर आणि लगेच परत पाठव. उपदेश पाठवू नकोस.

विरेश

---

जिंतूर, तुझ्याच दुकानात, तुझ्याच बिलबुकाच्या पाठीवर,
६ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

अण्णा लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. मनातून काही दुसरंच येतंय.

काल दुपारी उदगीरला तुझं कुरिअर मिळालं. तुला किती फोन केले ते मोज. आज पहिल्या गाडीनं निघाले. दुकानात आले तर तू नाहीस, परभणीला गेलास म्हणे तक्रार द्यायला. फोन बंद. म्हणून हे लिहून गल्ल्यावर ठेवते आहे.

तू ती पानं वाचलीस का रे? की नुसत्या तारखा आणि सह्या तपासल्यास? तेरावं पान काढ. ती भिवराबाई सांगते: 'माय म्हन्ती, अंगावर देव न्हाई तवर घास न्हाई.' अंगावर! अंगात नाही, अंगावर. बबिताबाईंच्या घरात देव अंगात येतो, म्हणून त्यांना अंगात ऐकू आलं. त्यांची चूक मी समजू शकते. तुझी कशी समजू? ज्या घरात देव अंगावर असतो त्या घरात तू जन्मलास ना? अव्वा परक्यापुढे इष्टलिंग हा शब्द उच्चारत नाही, देवच म्हणते, हे तुला माहीत नाही?

ती चांदीची डबी दोऱ्यासह एक, म्हणजे काय आहे ते तुला माहीत नाही?

सकाळी गळ्यातल्या त्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी वाहायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात घास. सत्याहत्तर वर्षांत अव्वाचा एक दिवस चुकला नाही. बाळंतपणात नाही, आप्पा गेले त्या दिवशी नाही. तिला पुरतील तेव्हाही ते तिच्या अंगावरच असणार आहे. आणि तू ते फास बसेल म्हणून काढायला लावलंस, पाटल्यांबरोबर मोजून घेतलंस आणि विसरलास. तिथं ती रोज सकाळी रिकामा तळवा समोर धरून बसते आणि ती बिचारी बाई त्यावर तेल चोळते. हे वाचून मी गाडीत रडले, अण्णा. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली दिली.

तिनं तुझ्याकडे पाठ का केली ते आता तरी कळलं का? तिला वाटलं, लेकानं जाणून-बुजून देव काढून घेतला.

घरी जाऊन आले. वहिनीनं कपाट उघडलं. लाल पिशवीची गाठ तशीच होती, तू सोडलीसुद्धा नव्हतीस. डबी मी घेतली, पाटल्या तुझ्या तुला. जाता जाता देव्हारा बघितला. तुझं स्वतःचं इष्टलिंग खुंटीला टांगलेलं आहे, दोऱ्यावर धूळ बसली आहे. गळ्यात नसलं की माणसाला आठवत नाही, असं झालं तुझं.

मी देवगाव फाट्याला चालले. अर्जावर सही केलेली नाही.

शिवरंजनी

---

जिंतूर,
८ नोव्हेंबर २०२५

श्रीमती बबिता शिंगाडे,

काल मी तिथं आलो होतो हे तुम्ही पाहिलंच. आई जेवू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण याचा अर्थ तुमची संस्था निर्दोष ठरली असा होत नाही. लिंगायत बाई दाखल करून घेता आणि गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे तुम्हाला नुसती चांदीची डबी वाटते, याला काय म्हणावं? चार माणसांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

मला तुमच्याशी वाद वाढवायचा नाही. परभणीला दिलेला अर्ज मी मागे घेतो. त्या बदल्यात एक करा. तुमच्या फाईलमध्ये माझ्या दुकानाच्या कागदावरची ती एकोणीस कलमं आहेत आणि पिशवीची पोच आहे. ती दोन्ही पानं काढून मला परत पाठवा. आमचा समाज लहान आहे. उद्या कुणी फाईल चाळली आणि ते अक्षर ओळखलं तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. पिशवी उघडून बघायची होती, हे मला कळतंय. ते दुसऱ्या कुणी मला सांगायची गरज नाही.

काल आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी निघाल्यावर काही म्हणाली असेल तर कळवा.

विरेश कोरे

---

देवगाव फाटा,
१० नोव्हेंबर २०२५

श्री. विरेश कोरे यांस,

नमस्कार.

पानं परत मिळणार नाहीत. अर्जही मागे घेऊ नका. तपासायला माणसं आली तर मी त्यांना फाईल उघडून देणार आहे, तुमचं अकरावं कलम आणि माझं तेरावं पान शेजारी शेजारी ठेवून. 'अंगावर' ऐकून मी 'अंगात' समजले, ही चूक माझी आहे. गोळी माझ्या सांगण्यावरून सुरू झाली, तीही माझीच चूक आहे. तुमच्या आईंचे पाय धरून मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला काय ठावं बाई, तुमचा देव निराळा." इतकं सोपं करून त्यांनी मला सोडलं, याची मला जास्त लाज वाटते. तुमच्यापुढे मात्र मी पाय धरणार नाही.

गुरुवारी तुमच्या बहीण आल्या तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांनी डबी उघडून आईंच्या तळव्यावर ठेवली. ज्या हाताला मुंग्या येतात असं मी लिहिलं होतं तो हात जराही हलला नाही. भिवराबाई धावत जाऊन पाण्याच्या टाकीमागच्या झाडाची बेलाची पानं घेऊन आल्या. पाऊण तास पूजा चालली, आमची सगळी माणसं दारात उभी होती. मग त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी मागितली. भिवराबाईंनी भरवायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "माजी मी खाते." आज वजन बेचाळीस किलो भरलं.

इष्टलिंग आता गळ्यातच राहील. दोरा आखूड केला आहे आणि आतून बंडीला टाका घातला आहे, म्हणजे कठड्यात अडकणार नाही. एवढी साधी युक्ती आपल्या दोघांच्या एकोणीस कलमांत कुठंच नव्हती. आमच्या फॉर्मवरही एक प्रश्न वाढवला आहे: जेवायच्या आधी तुम्हाला काय लागतं? हा प्रश्न राहायला येणाऱ्या माणसाला विचारायचा, नातेवाइकांना नाही, अशी खाली टीप आहे.

तुम्ही निघाल्यावर त्या काय म्हणाल्या, असं विचारलं आहे. शुक्रवारी तुम्ही पलंगाजवळ बसलात तेव्हा त्या तुमच्या सदऱ्याच्या उघड्या बटणाकडे बघत होत्या, ते तुमच्या लक्षात आलं नसावं. तुमची गाडी फाट्याला वळली आणि त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "त्या कागदात आमच्या विरेशनं लय कलमं लिवलीत म्हन्त्यात. माजं बी एक लिव." मी तोच कागद काढला आणि तुमच्या एकोणिसाव्या कलमाखाली त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांचा अंगठा आहे, साक्षीला भिवराबाईंचा. नक्कल जोडली आहे, तरी इथंही उतरवते:

'२०. माज्या लेकाच्या गळ्यात काई न्हाई तवर त्यानं माज्याम्होरं यायचं न्हाई. याला पुरा जबाबदार लेक राहील.'

बाकीची कलमं पाळली तशी हेही आम्ही पाळू. भेटीची वेळ तीच, दुपारी चार ते पाच.

बबिता शिंगाडे